व्हीएमसीच्या वाय अक्षाचे होम अधूनमधून पूर्ण १० मिलिमीटर सरकते; सोबत ५०६ ओव्हरट्रॅव्हल

कृष्णाकाठ (कुपवाड) :

नमस्कार. आमचे कुपवाड औद्योगिक वसाहतीत मशीनशॉप असून मुख्य काम बिडाच्या पंप केसिंगचे आहे. ज्या व्हीएमसीबद्दल (उभ्या स्पिंडलचे सीएनसी मिलिंग मशीन) हा धागा काढत आहे, तिच्यावर फॅनुकच्या ०आय मालिकेचा कंट्रोल आहे. अक्षांना अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडर, म्हणजे पॉवर बंद असतानाही जागा लक्षात ठेवणारा मापक, नसल्यामुळे दररोज मशीन सुरू केल्यावर डॉग (स्विच दाबणारा ठोकळा) आणि लिमिट स्विचच्या आधारे होम करावे, म्हणजे अक्ष त्याच्या ठरलेल्या शून्य जागी न्यावा लागतो. बॉल स्क्रूचा पिच १० मिलिमीटर आहे आणि मोटार कपलिंगने थेट स्क्रूला जोडलेली आहे. वाय अक्ष धन दिशेने जाऊन होम होतो.

पावसाळ्यापासून सकाळच्या पाळीत एक विचित्र दोष दिसू लागला आहे. होम व्यवस्थित झाल्याचा दिवा लागतो, कोणताही अलार्म येत नाही, परंतु पहिल्या जॉबचे बोअर वाय दिशेने चुकलेले आढळते. फिक्स्चरच्या कडेला डायल लावून तपासले असता फरक बरोबर १० मिलिमीटरचा निघतो. त्यात शतांश मिलिमीटरचाही फरक नसतो. काही सकाळी होम पूर्णच होत नाही आणि वाय अक्षावर ५०६ क्रमांकाचा धन दिशेचा हार्ड ओव्हरट्रॅव्हल, म्हणजे अक्ष टोकाच्या स्विचपर्यंत गेल्याचा अलार्म, येतो. क्वचित ९० क्रमांकाचा, म्हणजे रेफरन्स रिटर्न अपूर्ण राहिल्याचा अलार्मही येतो. दुपारनंतर मशीन बंद करून पुन्हा होम केले तर सगळे सुरळीत असते.

शॉपमध्ये तीन सल्ले मिळाले आहेत. पॅरामीटर १८५० मध्ये ग्रिड शिफ्ट (होमची खूण सरकवण्याचे अंतर) भरावी, सॉफ्ट लिमिट (कंट्रोलमध्ये भरलेली प्रवासाची मर्यादा) वाढवावी, किंवा ३००४ च्या पाचव्या बिटने हार्ड ओव्हरट्रॅव्हलची तपासणीच बंद करावी, असे ते सल्ले आहेत. यांपैकी काहीही करण्यापूर्वी जाणकारांचे मत हवे आहे, कारण पॅरामीटर बदलून दोष झाकला गेला तर तो पुढे कोठे आणि केव्हा उघडा पडेल, याची धास्ती वाटते.

वारणाखोरे (इस्लामपूर) :

आपण फरक डायलने मोजलात, ही या प्रकरणातील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. होमच्या दोषात चूक किती आहे, हे कळल्याशिवाय चुकीचे कारण शोधू नये, असे माझे ठाम मत आहे. फरक पूर्ण एका पिचचा असेल तर दोष डॉग, स्विच किंवा त्यांच्या जागेत असतो. फरक काही मायक्रॉनचा आणि वाढत जाणारा असेल तर कपलिंग, बेअरिंग, स्क्रूचे तापणे अशी यांत्रिक कारणे पाहावीत. फरक दर वेळी वेगळा आणि कोणत्याही हिशेबात न बसणारा असेल तर एन्कोडरची केबल, तिचे शील्ड आणि अर्थिंग यांकडे वळावे. आपला फरक पूर्ण १० मिलिमीटर आहे, म्हणजेच मोटारीचा नेमका एक फेरा. कंट्रोलने एन्कोडरची एक खूण सोडून पुढची पकडली आहे.

हे कसे घडते ते सविस्तर लिहितो, कारण एकदा क्रम समजला की आपले पहिले दोन्ही दोष एकाच मुळाचे असल्याचे लक्षात येईल. होमची आज्ञा दिल्यावर अक्ष रॅपिड वेगाने धन दिशेने निघतो. डॉग स्विचवर चढला की डीसेलरेशनचा सिग्नल शून्य होतो आणि अक्ष मंदावून पॅरामीटर १४२५ मधील संथ वेगावर येतो. त्याच दिशेने पुढे सरकत असताना डॉग स्विचवरून उतरतो आणि सिग्नल पुन्हा एक होतो. या क्षणापासून कंट्रोल पुढील ग्रिडची, म्हणजे एन्कोडरच्या एका फेऱ्यात एकदा येणाऱ्या खुणेची, वाट पाहतो आणि ती मिळताच थांबून त्या जागेला होम मानतो. म्हणजे होमची सूक्ष्म जागा एन्कोडर ठरवतो. कोणत्या फेऱ्यातील खूण घ्यायची, एवढेच स्विच ठरवतो. त्यामुळे स्विच एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे सुटला तरी होम अचूक राहते, मात्र त्यासाठी सुटण्याची जागा दोन ग्रिडच्या साधारण मध्यावर असावी लागते. ती ग्रिडच्या अगदी अलीकडे आली आणि एखाद्या सकाळी स्विच अर्धा मिलिमीटर उशिरा सुटला, तर ती खूण मागे पडते आणि अक्ष पुढच्या खुणेपर्यंत, पूर्ण १० मिलिमीटर पुढे जातो.

आता ५०६ कडे पाहा. आपल्या मशीनवर हार्ड लिमिटचा डॉग होमच्या पुढे थोड्याच अंतरावर असणार. अक्ष एक पिच जास्त गेला की तो त्या डॉगच्या तोंडाशी पोहोचतो. कधी तेथे होम पूर्ण होते आणि जॉब चुकतो, तर कधी त्याआधीच लिमिट लागते आणि ५०६ येतो. दुसऱ्या प्रसंगात निदान मशीन थांबते. पहिला प्रसंग अधिक घातक आहे, कारण तेथे कंट्रोलला चुकीची जागा खरी वाटत असते.

कृपया डायग्नोस्टिक ३०२ चे आकडे द्यावेत. डॉग सुटल्यापासून पहिल्या ग्रिडपर्यंतचे अंतर तेथे दिसते. चांगल्या होमनंतर किती आणि बिघडलेल्या होमनंतर किती, हे दोन्ही आकडे हवेत. १० मिलिमीटर पिचसाठी तो आकडा ५ च्या आसपास असावा. सोबत पॅरामीटर १८२१, म्हणजे रेफरन्स काउंटरची क्षमता, तपासून ठेवावी. आपल्या जोडणीत आणि एक मायक्रॉनच्या एककात ती १०००० असायला हवी.

९० चा अलार्म वेगळ्या कारणाचा वाटतो. ग्रिड विश्वासाने पकडण्यासाठी कंट्रोलला होमकडे जाताना पोझिशन एरर किमान एकदा १२८ पल्सपेक्षा (येथे १२८ मायक्रॉनपेक्षा) जास्त झालेली लागते. सर्वो लूप गेन, म्हणजे पॅरामीटर १८२५, बहुधा ३००० असतो. त्याचा अर्थ सेकंदाला ३०. वेगाला ६० ने आणि मग ३० ने भागले की मिलिमीटरमध्ये एरर मिळते. या हिशेबाने १२८ मायक्रॉनसाठी मिनिटाला सुमारे २३० मिलिमीटर वेग लागतो. ऑपरेटरने रॅपिड ओव्हरराइड सर्वांत खालच्या पायरीवर ठेवून होम केले, किंवा होमच्या अगदी जवळून सुरुवात केली, तर ही अट पुरी होत नाही. प्रत्यक्ष एरर डायग्नोस्टिक ३०० मध्ये दिसते. होमपासून किमान दोन-तीन फेऱ्यांइतके अंतर मागे घेऊन सुरुवात करावी.

कृष्णाकाठ :

सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. आकडे घेतले. होम बरोबर झालेल्या वेळी डायग्नोस्टिक ३०२ मध्ये ०.३ ते ०.६ च्या दरम्यान अंतर दिसते. आज सकाळी होम चुकले, तेव्हा ते ९.८ होते. १८२१ मध्ये १०००० आहे आणि १८५० मध्ये शून्य. ९० चा अलार्म ज्या दिवशी आला, त्या दिवशी टेबल होमजवळच सोडलेले होते, असे ऑपरेटरने सांगितले.

आणखी एक माहिती जुन्या नोंदवहीतून मिळाली. पावसाळ्याच्या सुरुवातीला बाहेरच्या मेकॅनिकने वाय अक्षाचा स्विच बदलला होता. त्यानंतर ३०२ चा आकडा पाहिल्याची नोंद नाही.

वारणाखोरे :

मग निदान झाले. ०.४ आणि ९.८ हे दोन आकडे एकाच जागेच्या दोन बाजू आहेत. स्विच नेहमीपेक्षा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उशिरा सुटला की हे घडते. नवा स्विच बसवताना त्याची जागा चार-साडेचार मिलिमीटर सरकली असावी आणि तेव्हापासून आपले होम काठावर उभे आहे.

दोष सकाळीच का दिसतो, याचेही कारण बहुधा आपल्या कामातच आहे. बिडाच्या यंत्रणात लांब चिप निघत नाही, भुकटी निघते, आणि तिच्यात ग्रॅफाइट असते. ती कूलंटमध्ये मिसळून स्विचच्या प्लंजरभोवती लेपासारखी बसते आणि रात्रभर मशीन बंद राहिली की वाळून घट्ट होते. सकाळी प्लंजर दाबला जातो, परंतु परत येताना रेंगाळतो. दिवसभरात कूलंट आणि हालचालीने तो मोकळा होतो, म्हणून दुपारचे होम बरोबर येते. किर्लोस्करवाडी १९१० साली वसली तेव्हापासून आपल्या जिल्ह्यात नांगर आणि पंपांचे बीडकाम चालत आले आहे. या भागातील मशीनच्या देखभालीचे वेळापत्रक पोलादी काम करणाऱ्या शॉपवरून उचलून चालत नाही. स्विचची सफाई येथे अधिक वेळा करावी लागते.

करण्याचे काम असे आहे. मेन स्विच बंद करून त्याला कुलूप घालावे, स्विच उघडून प्लंजर, त्याचा रबरी बूट आणि सील पाहावेत. बूट फाटला असेल तर केवळ साफ करून बसवू नये, बदलावा. मग डॉगचे स्क्रू सैल करून तो अक्ष होमकडे सरकतो त्याच दिशेने सुमारे ४.५ मिलिमीटर सरकवावा, म्हणजे स्विच तेवढ्या अंतराने लवकर सुटेल आणि ३०२ चा आकडा ५ जवळ येईल. होमची जागा बदलणार नाही, कारण ग्रिड तोच राहील. आपल्या मशीनवर टेबलासोबत डॉग फिरतो की स्विच, हे पाहून सरकवण्याची दिशा ठरवावी. स्विच फिरता असेल तर दिशा उलटी होईल. थोडे सरकवून आकडा पाहावा, तो वाढत असेल तरच पुढे जावे.

येरळातीर (विटा) :

चर्चा उत्तम चालली आहे, तरी एक शंका मांडतो. ग्रिड शिफ्टला एवढे टाळण्याचे कारण काय? १८५० मध्ये ५००० भरले तर ग्रिडच अर्धा पिच सरकतो आणि डॉगपासूनचे अंतर आपोआप ५ मिलिमीटरच्या वर जाते. डॉग ज्या कोपऱ्यात असतो तेथे हात पोहोचत नाही, टेलिस्कोपिक कव्हर काढावे लागते आणि त्यात अर्धी पाळी जाते. मालाची तारीख असलेल्या शॉपला हा विचार करावाच लागतो.

वारणाखोरे :

आपले म्हणणे अर्धे बरोबर आहे आणि तेवढ्यापुरते मान्य करतो. ग्रिड शिफ्टने डॉग आणि ग्रिडमधील अंतर सुधारते. परंतु ग्रिड सरकला म्हणजे मशीनचे शून्यही तितकेच सरकले. सर्व वर्क ऑफसेट (जॉबच्या शून्याच्या जागा), १३२० आणि १३२१ मधील सॉफ्ट लिमिट, दुसऱ्या रेफरन्सची जागा आणि स्क्रूच्या पिच एररची भरपाई या सगळ्या गोष्टी त्या शून्यावरून मोजलेल्या असतात. वाय अक्षावर ऑफसेट पुन्हा घेऊन भागेल. हाच उपाय झेड अक्षावर केला तर टूल चेंजची उंची बदलेल आणि एटीसीचा (टूल आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेचा) आर्म स्पिंडलमधील टूलहोल्डरवर आदळेल. शिवाय चिकटणारा प्लंजर तसाच राहील. अर्धी पाळी वाचवून घेतलेला हा उपाय पुढच्या माणसासाठी नोंद नसलेला बदल ठरतो, आणि नोंद नसलेल्या बदलानेच हा धागा सुरू झाला आहे.

१८५० चा खरा उपयोग मोटार, एन्कोडर किंवा कपलिंग बदलल्यानंतर होम जुन्या जागेवर बारकाईने आणण्यासाठी आहे. तेथे तो जरूर वापरावा.

अजिंक्यतारा (सातारा) :

ओव्हरट्रॅव्हलबद्दल थोडे लिहितो, कारण तिसऱ्या सल्ल्यावर अजून कोणी बोललेले नाही आणि तो सर्वांत धोकादायक आहे.

५०० आणि ५०१ हे सॉफ्ट लिमिटचे अलार्म आहेत. ते कंट्रोल आपल्या मोजणीवरून देतो. ५०६ आणि ५०७ हे हार्ड लिमिटचे. ते प्रत्यक्ष स्विचवरून येतात. सॉफ्ट लिमिट मशीनच्या शून्यावर अवलंबून असते, त्यामुळे शून्य चुकले की तीही तितकीच चुकते. आपल्या मशीनवर होम १० मिलिमीटर पुढे गेले, त्या क्षणी सॉफ्ट लिमिटचे संरक्षण धन टोकाला १० मिलिमीटर पुढे सरकले. अशा वेळी टेबल आणि यांत्रिक टोक यांच्यामध्ये एकटा हार्ड लिमिट स्विच उरतो. ३००४ च्या बिटने तोच बंद केला तर पुढचा अडथळा टेलिस्कोपिक कव्हर आणि बॉल स्क्रूचा नट हेच असतील. केवळ तपासासाठी, मशीनसमोर उभे राहून, हँडलने अक्ष बाहेर काढण्यापुरते ते बिट बदलणे एक वेळ समजू शकते. उत्पादन सुरू ठेवण्यासाठी ते बदलणे मला कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

हार्ड लिमिटवर गेलेला अक्ष बाहेर काढण्याची पद्धत मशीन बनवणाऱ्याने लिमिट कोठे जोडली आहे त्यावर ठरते. लिमिट केवळ पीएमसीत (कंट्रोलमधील सिग्नल हाताळणाऱ्या भागात) घेतली असेल तर हँडल मोडमध्ये उलट दिशेने बाहेर यावे आणि रिसेट करावे. ती इमर्जन्सीच्या साखळीतही असेल तर सर्वो चालूच होत नाही. तेथे ओटी (ओव्हरट्रॅव्हल) रिलीजचे बटण दाबून धरावे, सर्वो तयार होऊ द्यावा आणि सर्वांत लहान पटीवर हँडल फिरवून बाहेर यावे. पहिला अंश फिरवण्यापूर्वी दिशा दोनदा पाहावी, कारण बटण दाबलेले असताना चुकीच्या दिशेलाही अडवणारे काही नसते. झेड अक्ष आणि तिरक्या बेडच्या लेथचा एक्स अक्ष यांच्याबाबतीत ब्रेकवर विश्वास ठेवून कोणी हेडखाली किंवा टरेटखाली हात घालू नये. काम करण्यापूर्वी खाली लाकडी ठोकळ्याचा भक्कम आधार द्यावा.

स्थान हरवल्यामुळे सॉफ्ट लिमिट दोन्ही दिशांना अडवू लागली असेल, तर मशीन सुरू करताना पी आणि कॅन्सल ही बटणे एकत्र दाबून धरल्यास ती तपासणी तात्पुरती सुटते. या सवलतीने अक्ष मध्यावर आणावा, होम करावे आणि लगेच पॉवर बंद-चालू करावी.

आणखी एक खूण लक्षात ठेवावी. अक्ष प्रवासाच्या मधोमध असताना ५०६ किंवा ५०७ येत असेल तर अक्ष कोठेही गेलेला नसतो, वायर तुटलेली असते. लिमिटचे स्विच नॉर्मली क्लोज्ड असतात, म्हणून तुटलेली वायर कंट्रोलला दाबलेल्या स्विचसारखीच दिसते. पीएमसीच्या सिग्नल पडद्यावर दुसऱ्या अक्षाची धन लिमिट जी ११४.१ वर आणि ऋण लिमिट जी ११६.१ वर पाहावी, तर डीसेलरेशन एक्स ९.१ वर. कोणाला तरी पडद्यासमोर बसवून दुसऱ्याने केबल हलवावी. ड्रॅग चेनमधली वायर आतून तुटली असेल तर अक्षाच्या ठरावीक जागीच सिग्नल लुकलुकतो. उंदरांनी कुरतडलेली केबलही हाच खेळ करते. उसाच्या हंगामात शेताला लागून असलेल्या शॉपमध्ये हे नेहमी पाहायला मिळते.

माणदेश (आटपाडी) :

आमच्याकडे अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरचे मशीन आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर सर्व अक्षांवर ३०० क्रमांकाचा अलार्म आला आणि होम हरवले. डॉगच नसल्यामुळे वरील क्रम येथे लागू होत नाही. पुन्हा होम बसवण्याची रीत कोणी सांगू शकेल का?

अजिंक्यतारा :

बॅटरी संपलेली असणार. ३०७ किंवा ३०८ हे बॅटरी उतरत असल्याचे इशारे आधी येतात, पण ते पडद्यावर आले तरी मशीन चालत राहते, म्हणून ऑपरेटर त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. ही बॅटरी ६ व्होल्टची असते. वेगळ्या डब्यात असेल तर १.५ व्होल्टचे चार अल्कलाइन सेल. ती वर्षातून एकदा बदलावी आणि बदलताना कंट्रोलची पॉवर चालू व इमर्जन्सी दाबलेली असावी. पॉवर बंद करून बदलली तर स्थान तेथेच जाते.

आता पुन्हा बसवताना प्रथम नवी बॅटरी घालावी. प्रत्येक अक्षावर मशीन बनवणाऱ्याने दोन बाण किंवा रेघा कोरलेल्या असतात. पॅरामीटर १८१५ मध्ये एपीसीचे (असा एन्कोडर वापरात असल्याचे) पाचवे बिट १ असल्याची खात्री करावी आणि एपीझेडचे (होम बसल्याचे) चौथे बिट ० करून पॉवर बंद-चालू करावी. मग अक्ष मोटारीच्या एका फेऱ्यापेक्षा जास्त हलवावा, दोन रेघा जुळतील अशा जागी हळू आणावा, एपीझेड १ करावे आणि पुन्हा पॉवर बंद-चालू करावी. रेघा डोळ्याने जुळवलेल्या असतात, त्यामुळे जुने स्थान दशांश मिलिमीटरपर्यंतही परत येईलच असे नाही. म्हणून लगेच जॉब लावू नये. सॉफ्ट लिमिट दोन्ही टोकांना संथ गतीने तपासावी, टूल चेंज एकेक पायरीने करून पाहावे, मग प्रत्येक ऑफसेट पुन्हा घ्यावा. डोवेल पिन किंवा फिक्स्चरचे एखादे पक्के बोअर मशीन कोऑर्डिनेटमध्ये मोजून आधीच नोंदवलेले असेल तर हे काम पुष्कळ सोपे होते. ती नोंद आजच सर्वांनी करून ठेवावी.

खंबाटकी (शिरवळ) :

सीमेन्सचा कंट्रोल वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहितो, कारण तर्क तोच आणि क्रमांक वेगळे आहेत. २०००० म्हणजे रेफरन्स कॅम (वरील डॉग) गाठला नाही, २०००२ म्हणजे झिरो मार्क (एन्कोडरची खूण) सापडला नाही, २१६१४ म्हणजे हार्डवेअर लिमिट. सॉफ्ट लिमिट ३६१०० आणि ३६११० या मशीन डेटात असतात. कॅम सापडला नाही तर स्विच आणि वायर पाहावी. कॅम सापडून मार्क मिळाला नाही तर एन्कोडर आणि ३४०६० मधील शोधाचे अंतर पाहावे. अ‍ॅब्सोल्यूट एन्कोडरची स्थिती ३४२१० मध्ये असते.

माझा अनुभव प्रोग्रामच्या बाजूचा अधिक आहे, म्हणून फॅनुकवरील एका गोष्टीची भर घालतो. प्रत्येक ५०० किंवा ५०१ मशीनचा दोष नसतो. चुकीचा जी ५४ (जॉबचा वर्क ऑफसेट), विसरलेला किंवा दुसऱ्याच टूलचा एच ऑफसेट (टूलच्या लांबीचा), आणि उंच फिक्स्चरवर लांब टूल ही नेहमीची कारणे आहेत. त्याहून घातक आहे ती जी २८ ची चूक. जी २८ (होमला जाण्याची आज्ञा) मध्ये लिहिलेला आकडा हा वाटेतला बिंदू असतो. जी ९१ (आहे त्या जागेपासून मोजणी) चालू असताना झेड शून्य लिहिले तर अक्ष जेथे आहे तेथूनच होमला जातो. जी ९० (जॉबच्या शून्यापासून मोजणी) चालू असताना तेच लिहिले तर टूल आधी जॉबच्या झेड शून्यावर, म्हणजे थेट पृष्ठभागावर रॅपिडने उतरते आणि मग होमला निघते. नवीन मुलांना शिकवताना मी जी ९१ आणि जी २८ एकाच ओळीत लिहायला लावतो आणि पुढच्याच ओळीत जी ९० परत आणायला सांगतो.

कृष्णाकाठ :

काम पूर्ण झाले, म्हणून सविस्तर कळवतो. मेन स्विचला कुलूप घालून कव्हर काढले. प्लंजरचा रबरी बूट एका बाजूने फाटलेला होता आणि आत काळा लेप वाळून बसला होता. बोटाने दाबल्यावर प्लंजर संथपणे परत येत होता. स्विच नवा बसवला. केबलचे तोंड वरच्या बाजूला होते, त्यामुळे कूलंट केबलवरून ओघळून थेट ग्लँडमध्ये उतरत होते. आता केबलला स्विचच्या खाली वळसा देऊन ती खालून वर आत घेतली आहे. आमच्याकडे डॉगच टेबलासोबत फिरतो, म्हणून तो अक्ष होमकडे सरकतो त्याच दिशेने सरकवला आणि ३०२ चा आकडा आता ४.९ ते ५.१ च्या दरम्यान येतो. सकाळचे होमही त्याच जागी येत आहे. फिक्स्चरच्या बोअरवर डायल लावून शून्य तपासण्याची ओळ पाळीच्या नोंदवहीत घातली असून तिच्याशेजारी ३०२ साठी रकाना आखला आहे. १८५०, १३२० आणि ३००४ यांना हात लावलेला नाही.

एक प्रश्न उरतो. याच शॉपमधील लेथवर एक्स अक्षाचा व्यास दिवसभरात ४० ते ५० मायक्रॉनने बदलतो. होम पुन्हा केले तरी तो भरून निघत नाही. हे स्क्रूचे तापणे मानावे की कपलिंगचे सरकणे?

वारणाखोरे :

व्यासातील ५० मायक्रॉन म्हणजे अक्षाचे २५, हे प्रथम लक्षात घ्यावे. पोलादी स्क्रू एका अंश सेल्सिअसला मीटरमागे सुमारे ११ ते १२ मायक्रॉन वाढतो. लेथच्या एक्स अक्षाचा स्क्रू लहान असतो. बेअरिंगपासून नटपर्यंतची लांबी ३०० मिलिमीटर धरली तर २५ मायक्रॉनसाठी सात अंशांची वाढ लागेल. रॅपिडच्या सतत हालचालीत हे शक्य आहे, पण केवळ शक्य आहे म्हणून तसे मानू नये. तापण्याचा फरक सकाळी शून्यापासून सुरू होतो, पहिल्या एक-दोन तासांत वाढतो, मग स्थिर राहतो आणि मशीन थंड झाली की परत जातो. कपलिंगचा फरक परत जात नाही. तो एकाच दिशेने साठत राहतो किंवा जोराच्या कटनंतर उडी मारतो.

खात्री करण्यासाठी मोटारीचा शाफ्ट, कपलिंगचे दोन्ही हब आणि स्क्रू यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी आणि आठवड्याने पाहावी. डायग्नोस्टिक ३०२ येथेही मदत करते. कपलिंग सरकले की एन्कोडर स्क्रूच्या मानाने फिरतो, परंतु डॉग स्लाइडसोबतच राहतो, त्यामुळे डॉगपासून ग्रिडपर्यंतचे अंतर बदलत जाते. अर्थात स्विच स्वतः काही शतांश मिलिमीटर इकडेतिकडे सुटतोच, म्हणून एखाद्या दिवसाचा आकडा पाहू नये. महिन्याभराच्या नोंदीत तो एकाच दिशेने चालला आहे का, ते पाहावे. रेघ तुटलेली दिसली तर क्लॅम्पिंगचे स्क्रू सोडून हब आणि शाफ्ट तेलरहित पुसावेत, मशीनच्या पुस्तिकेत दिलेल्या टॉर्कने आडव्या-उभ्या क्रमाने आवळावेत आणि होमची जागा डायलवर पुन्हा बांधावी. तेथे १८५० वापरायला हरकत नाही. जुना आणि नवा आकडा तारखेसह नोंदवहीत लिहावा.

रेघ अखंड राहिली आणि फरक संध्याकाळी परत जात असेल, तर सकाळी पहिला जॉब लावण्यापूर्वी एक्स अक्ष पूर्ण प्रवासात पंधरा-वीस मिनिटे चालवून गरम करावा आणि त्यानंतरच ऑफसेट घ्यावा. तसे करूनही व्यास सरकत राहिला तर स्क्रूच्या टोकाच्या थ्रस्ट बेअरिंगचे लॉकनट पाहावे. टरेटला डायल लावून, सर्वो चालू असताना, लाकडी दांड्याने दोन्ही दिशांनी हलका जोर दिल्यावर सुई शून्यावर परत येत नसेल तर बेअरिंगमध्ये ढिलेपणा आहे असे समजावे.